डाव्या पानावरचा विचार: संवादी वही वर्गात नेमकं काय करते

अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाल्यावर एखाद्या मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं, तर कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला नवल वाटत नाही. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मुलाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. नेहमीच्या वहीत या उत्तरावर लाल फुली पडते, शेजारी ५/६ लिहिलं जातं, मूल ते उतरवून घेतं आणि पुढच्या चाचणीत पुन्हा तीच चूक करतं.

त्याच मुलाला समोरच्या रिकाम्या पानावर सारख्या लांबीच्या तीन पट्ट्या काढायला सांगून पाहा. पहिल्या पट्टीचा अर्धा भाग रंगवायचा, दुसरीचा एक तृतीयांश, आणि तिसरीवर त्याचं स्वतःचं उत्तर, म्हणजे पाचातले दोन भाग. पट्ट्या एकाखाली एक आल्या की तिसरीचा रंगवलेला भाग पहिलीपेक्षा आखूड दिसतो. अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आलं! हे असं कसं झालं, हा प्रश्न आता मुलाचा स्वतःचा असतो. सगळे तुकडे सारख्या आकाराचे केल्याशिवाय ते मोजून एकत्र करता येत नाहीत, हे त्याने त्या पट्ट्यांखाली आपल्या शब्दांत लिहिलं, की समच्छेद करण्याची गरज त्याला पटलेली असते. नियम पाठ करणं आणि नियमाची गरज पटणं यांत फार अंतर आहे.

इंटरॲक्टिव्ह नोटबुक किंवा संवादी वही म्हणतात ती ही. कागद तोच, पेन्सिल तीच. वही उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांना मात्र दोन वेगळी कामं नेमून दिलेली असतात. उजव्या पानावर बाहेरून आलेलं ज्ञान: शिक्षकांनी सांगितलेलं, फळ्यावरचं, पाठ्यपुस्तकातलं, प्रयोगात मोजलेलं. डाव्या पानावर मुलाने त्या ज्ञानाचं जे केलं ते: काढलेली आकृती, पडलेला प्रश्न, स्वतः रचलेलं उदाहरण, दोन गोष्टींची तुलना, एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या जागी स्वतःला ठेवून लिहिलेलं पत्र. वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला क्रमांक. काही शिक्षक उजवं-डावं उलट वापरतात. त्याने काही बिघडत नाही. दोन कामं वेगळी राहिली पाहिजेत आणि समोरासमोर राहिली पाहिजेत, एवढंच.

पान वाटून घेण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी एक पद्धत बसवली होती: रुंद भागात टिपणं, बाजूच्या अरुंद पट्टीत त्यांवरचे प्रश्न आणि कळीचे शब्द, तळाशी थोडक्यात सार. समोरासमोरच्या दोन पानांची मांडणी शाळांमध्ये पसरली ती १९९० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या टीचर्स करिक्युलम इन्स्टिट्यूट या संस्थेमुळे. त्यांनी ती इतिहास आणि समाजशास्त्राच्या तासांसाठी वापरली. विज्ञान आणि गणिताचे शिक्षकही मग तिच्याकडे वळले.

उतरवून घेताना डोक्यात काय चाललेलं असतं

वर्ग शांत आहे, सगळी मुलं फळ्यावरचं लिहून घेत आहेत, हे दृश्य पाहणाऱ्याला समाधान देतं. पण त्या वेळी मुलांच्या डोक्यात काय चालू आहे? एका क्षणी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नंतरच्या संशोधकांनी तो चारच्या जवळ आणला. फळ्याकडे बघायचं, शब्द लक्षात ठेवायचे, खाली बघून लिहायचे, पुन्हा ओळ शोधायची आणि शिक्षकांचं पुढचं वाक्यही ऐकायचं. एवढ्यातच सगळी जागा भरून जाते. अर्थाला जागा उरत नाही. मूल पूर्ण पान सुवाच्य अक्षरात लिहितं आणि तास संपल्यावर आज काय शिकलो ते त्याला सांगता येत नाही.

२०१४ साली पॅम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी लॅपटॉपवर टिपणं घेणारे आणि हाताने घेणारे विद्यार्थी यांची तुलना केली. लॅपटॉपवाल्यांनी जास्त शब्द लिहिले, पण वक्त्याची वाक्यं जशीच्या तशी. आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. या प्रयोगाचा फार गाजावाजा झाला. पुढे तो पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून ‘हाताने लिहिलं की आपोआप समजतं’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. हाताने लिहिणारं मूलही शब्द न् शब्द उतरवू शकतं. डावं पान त्याला ते करू देत नाही, कारण तिथे उतरवायला समोर काही नसतंच.

स्वतः निर्माण केलेली गोष्ट वाचलेल्या गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहते, हे नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ यांनी १९७८ मध्ये फार साध्या प्रयोगांतून दाखवलं. काहींना शब्दांच्या जोड्या नुसत्या वाचायला दिल्या. इतरांना पहिला शब्द आणि दुसऱ्याचं फक्त पहिलं अक्षर देऊन जोडी पूर्ण करायला लावली. ज्यांनी शब्द स्वतः शोधला, त्यांना तो अधिक आठवला. एका अक्षराच्या आधाराने शब्द शोधण्याइतका छोटा प्रयत्नही फरक पाडतो, तर बाष्पीभवनाचं उदाहरण स्वतः शोधून त्याची आकृती काढणारं मूल किती पुढे जाईल याचा विचार करा.

चित्रांबाबतही असंच आहे. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली लोकांना शब्दांची यादी दिली. काही शब्द पुन्हा पुन्हा लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. चित्र काढलेले शब्द कितीतरी जास्त आठवले, अगदी एका चित्राला चारच सेकंद दिली तरी. चार सेकंदांत कोण चांगलं चित्र काढणार? ‘मला चित्र जमत नाही’ म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं. काडीची माणसं आणि वाकडे बाण पुरतात.

ऋतूंचा धडा आणि आधीपासूनची समजूत

डाव्या पानाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग धडा सुरू होण्याआधीचा आहे. मुलं वर्गात कोरी येत नाहीत. प्रत्येक विषयावर त्यांचं काही ना काही मत बनलेलं असतं आणि ते बरेचदा चुकीचं, पण तर्काला धरून असतं.

‘उन्हाळ्यात जास्त का तापतं?’ असं विचारून मुलांना डाव्या पानावर उत्तर आणि आकृती काढायला सांगा. पुष्कळ मुलं लांबट अंड्यासारखी कक्षा काढतील आणि लिहितील की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. शेकोटीजवळ गेलं की जास्त गरम लागतं, हा रोजचा अनुभव त्यामागे आहे. मोठ्या, शिकलेल्या माणसांतही ही समजूत सर्रास आढळते.

आता उजव्या पानावर मोजलेली माहिती येऊ द्या. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर असते जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५.२ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्धात हिवाळा असतो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ! शिवाय दोन्ही गोलार्ध एकाच पृथ्वीवर असूनही उत्तरेकडे हिवाळा असतो तेव्हा दक्षिणेकडे उन्हाळा. अंतर हे कारण असतं तर दोन्हीकडे एकच ऋतू असायला हवा होता. खरं कारण पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे २३.५ अंशांचा कल: ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे, तिथे किरण अधिक सरळ पडतात आणि दिवस मोठा होतो.

ही माहिती पाठ्यपुस्तकात असतेच आणि मुलं ती परीक्षेत लिहितातही. तरी जुनी समजूत जात नाही, कारण दोघांची कधी गाठच पडलेली नसते. एक परीक्षेसाठी, एक मनात. संवादी वहीत मात्र दोन्ही एकमेकांसमोर उघड्या पडतात. मग मुलाला सांगायचं: तुझी पहिली आकृती खोडू नकोस. तिच्या शेजारी वेगळ्या रंगाने नवी काढ आणि आधी मला काय वाटत होतं, आता काय वाटतं आणि कशामुळे बदललं, हे लिही. पहिली आकृती खोडायची नाही हा नियम मी फार महत्त्वाचा मानतो. खोडरबर वापरलं की विचाराचा प्रवासच पुसला जातो, आणि चूक ही लपवायची गोष्ट आहे हे मूल शिकतं ते वेगळंच.

जुलै १८३७ च्या सुमारास चार्ल्स डार्विनने एक नवी वही सुरू केली. तिच्या छत्तिसाव्या पानावर त्याने ‘मला वाटतं’ एवढे शब्द लिहून खाली फांद्या फुटलेल्या झाडाची एक ओबडधोबड आकृती काढली. जीवजाती एकाच पूर्वजापासून कशा फुटत गेल्या असतील, याचा तो कच्चा आराखडा होता. त्याचा ग्रंथ आला १८५९ साली, म्हणजे बावीस वर्षांनी. ‘मला वाटतं’ म्हणण्याची हीच मुभा शाळेच्या वहीत एका पानापुरती का असेना, मुलांना मिळायला हवी.

पान पुन्हा उघडलं तरच

आता थोडी कडक बाजू. एकदा भरलेलं पान पुन्हा कधी उघडलंच नाही, तर कितीही सुंदर वही असो, तिचा निम्मा फायदा वाया जातो. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्यावर विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो. शाळेतला धडा निरर्थक नसतो, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने जात नाही. पण दिशा तीच.

उपाय बहुतेकांना माहीत आहे असं वाटतं: उजळणी. पण उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणं, असं समजलं तर फसगत होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार बैठकांत वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचून उरलेल्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला, वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के. वाचणाऱ्या गटाचा आपल्या तयारीवरचा विश्वास मात्र जास्त होता.

संवादी वहीची रचना अशा आठवण्याला फार सोयीची आहे. उजवं पान कागदाने झाका, डाव्या पानावरच्या आकृतीवरून किंवा प्रश्नावरून उजव्यावर काय होतं ते सांगा, मग कागद काढून ताडून पाहा. पुढच्या दिवशी एकदा, आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा. अनुक्रमणिका आणि पानांचे क्रमांक इथे कामाला येतात. ‘पान २४ वरच्या प्रश्नाचं उत्तर आज पान ५१ वर वेगळं देशील का?’ असं शिक्षक विचारू शकतात. घडी उघडल्यावर उत्तर दिसेल असे कागदी कप्पे बऱ्याच वह्यांत असतात. त्यांचा खरा उपयोगही हाच, आधी आठवायचं आणि मग उघडायचं.

जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास एका दमात न करता थोडा थोडा अनेक दिवसांत विखुरणं यांना त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं. कारण विचारणं आणि स्वतःला समजावून सांगणं मधल्या गटात आलं. पुन्हा वाचणं आणि ओळींखाली रंगीत रेघा मारणं तळाला. सारांश लिहिणंही तळाच्याच गटात आहे, हे पाहून अनेक शिक्षक चकित होतात. सारांश निरुपयोगी आहे असं त्याचं कारण नाही. चांगला सारांश लिहिणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते न शिकवता मुलांना ‘सारांश लिहा’ म्हटलं तर ती वाक्यं उचलून जोडतात. त्यामुळे डाव्या पानावर रोज सारांशच लिहायला देणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती: त्याऐवजी ‘असं का होतं?’ किंवा ‘हे खरं नसतं तर काय झालं असतं?’ असा प्रश्न द्या.

कात्री आणि डिंक

संवादी वहीबद्दल शोध घेतला की रंगीत घड्या, फुलांच्या आकाराचे कप्पे, चक्रं, खिसे यांची रेलचेल दिसते. ते आकर्षक असतं, लहान मुलांना आवडतंही. पण इथेच ही पद्धत सर्वांत जास्त घसरते.

माणसाला ज्याचा विचार करावा लागतो तेच त्याच्या लक्षात राहतं. चाळीस मिनिटांच्या तासात पंचवीस मिनिटं कापण्यात आणि चिकटवण्यात गेली, तर मुलांनी पंचवीस मिनिटं कागदाच्या कडांचा विचार केला. त्या कप्प्यात शेवटी शिक्षकांनी सांगितलेली व्याख्याच उतरवायची असेल, तर ते उजवं पानच झालं, फक्त घडी घातलेलं. कुठलीही कृती निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही करताना मूल विषयाचा विचार करेल की कागदाचा? जलचक्राचं फिरतं चक्र करताना बाष्पीभवनानंतर काय येतं हे मुलाला स्वतः ठरवावं लागत असेल तर चक्र जरूर करा. तयार छापील चक्र नुसतं रंगवायचं असेल तर तो वेळ वाचवा.

गुण देतानाही हाच प्रश्न. नीटनेटकेपणाला जास्त गुण दिले की मुलं चटकन ओळखतात शिक्षकांना काय हवं आहे, आणि डावं पान सजावटीचं होतं. माझ्या मते डाव्या पानाला बरोबर-चूक असे गुण देऊच नयेत. विचार केलेला दिसतो का, उजव्या पानाशी त्याचा संबंध आहे का, नंतर त्यात सुधारणा केली आहे का, एवढं पाहावं.

शिक्षकांच्या हाती काय लागतं

उत्तरपत्रिकेतून मुलाला येतं की नाही हे समजतं. का येत नाही, ते डाव्या पानावर कळतं. सुरुवातीच्या अपूर्णांकांच्या उदाहरणात, पट्ट्याच असमान लांबीच्या काढणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आणि पट्ट्या नीट काढूनही बेरीज चुकवणाऱ्याची वेगळी. पहिल्याला ‘एकच पूर्ण’ ही कल्पना अजून समजलेली नाही. दुसऱ्याला समच्छेदाकडे न्यायचं आहे. दोघांची उत्तरं मात्र एकच असू शकतात.

सगळ्या वह्या रोज तपासणं कुणालाही शक्य नाही आणि तशी गरजही नाही. तास चालू असताना बाकांमधून फिरत आठ-दहा डावी पानं पाहिली तरी उद्याचा तास कुठून सुरू करायचा हे ठरतं. दोन मुलांनी वह्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या पानावर एक प्रश्न लिहिणं हाही चांगला मार्ग आहे.

अबोल मुलांसाठी हे पान विशेष महत्त्वाचं ठरतं. हात वर न करणारं, पण मनात बरंच काही असणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. त्याला तिथे बोलता येतं. आणि लिहिणं ज्यांना कठीण जातं, ज्यांची बोटं कात्री-पेन्सिलीला लवकर थकतात, त्यांच्यासाठी वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात: लिहिण्याऐवजी आकृती, आकृतीऐवजी आवाजात केलेलं टिपण, आधी कापून ठेवलेले तुकडे. डिजिटल वह्या इथे खरोखर उपयोगी पडतात. त्यात चित्र, आवाज आणि दुवे जोडता येतात आणि गैरहजर मुलालाही पान मिळतं. फक्त त्यात मजकूर उचलून चिकटवणं फार सोपं असतं, म्हणून डाव्या बाजूला काय करायचं याची सूचना आणखी नेमकी लागते.

सुरुवात करणाऱ्यांनी एकच विषय आणि एकच प्रकरण निवडावं. तासाच्या सुरुवातीची तीन मिनिटं ‘तुम्हाला काय वाटतं?’ यासाठी आणि शेवटची पाच ‘आता काय वाटतं?’ यासाठी. शिक्षकांनी स्वतःचीही एक वही ठेवावी आणि तिचं डावं पान मुलांसमोर भरावं, मोठ्याने विचार करत, खाडाखोडीसह. पहिले काही दिवस मुलं हमखास विचारतील, ‘इथे काय लिहायचं ते सांगा ना.’ वर्षानुवर्षं उतरवून घेतलेल्या हातांना रिकामं पान अवघड जातं. त्या वेळी उत्तर सांगू नये; सोपी सुरुवात द्यावी: ‘हे मला … सारखं वाटतं, कारण …’, ‘मला … हे पटत नाही’, ‘माझा प्रश्न असा आहे, की …’. काही आठवड्यांनी याच सुरुवाती काढून घ्याव्या, आणि कोणती मुलं अजून त्यांची वाट पाहतात ते बघून त्यांच्या बाकाजवळ थोडं जास्त थांबावं.